हिशेब, पत्र आणि इच्छापत्र : आरंभीच्या इंग्रजी कादंबरीतील स्त्री



ज्या मुख्याध्यापिकाबाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या या शाळेत इंग्रजी शिकवीत असत. मी आयुष्यभर मराठी शिकविले. तेव्हा त्यांच्या विषयाकडे माझ्या विषयाच्या वाटेने जावे, असे मी ठरविले. ती वाट आपल्या गावातूनच निघते. १८३१ साली बेळगावात जन्मलेल्या बाबा पदमनजींनी १८५७ साली ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध केले. मराठी कादंबरीचा इतिहास शिकविताना या पुस्तकाला वळसा घालून पुढे जाताच येत नाही. आणि त्याचा विषय आहे हिंदू विधवांची दुःस्थिती. म्हणजे आपल्याकडे कादंबरी जन्मली ती स्त्रीच्या प्रश्नाला हात घालीतच. वर्गात हे सांगू लागले की कोणी ना कोणी विचारीच, “बाई, हे आपल्याकडेच असे का झाले?” तर ते केवळ आपल्याकडे झालेले नाही. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात कादंबरी आकार घेऊ लागली तेव्हा एकामागून एक येणाऱ्या पुस्तकांना बायकांचीच नावे होती : मॉल, रोक्साना, पामेला, क्लॅरिसा, एव्हलिना. राजा नव्हे, वीर नव्हे, संत नव्हे. मोलकरीण, चोरटी, जमीनदाराची मुलगी, बापाने नाकारलेली पोर.

या नायिकांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते सर्व आपल्यापुढे मांडण्याचा माझा विचार नाही. मी एकच गोष्ट पाहणार आहे, आणि ती अगदी साधी आहे : या बायकांच्या हातात कोणता कागद आहे? कोणी हिशेब लिहिते, कोणी पत्र, कोणी इच्छापत्र, कोणी न्यायालयात वाचावयाचे निवेदन. ज्या काळी कायद्याने विवाहित स्त्रीच्या सहीला मोल ठेविले नव्हते, त्या काळी कादंबरीने तिच्या हाती लेखणी दिली. त्या लेखणीने काय साधले आणि काय साधले नाही, हे पाहावयाचे आहे.

प्रथम कायदा. त्यावाचून या कथांतील निकड कळत नाही. इंग्लंडच्या परंपरागत कायद्यात विवाह होताच स्त्रीचे स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व पतीच्या अस्तित्वात विरून जाई. या स्थितीला ‘कव्हर्चर’ म्हणत, म्हणजे आच्छादन. विल्यम ब्लॅकस्टन या विधिपंडिताने १७६५ ते १७६९ या वर्षांत इंग्रजी कायद्यावर चार खंडांचे भाष्य प्रसिद्ध केले. त्याने ही स्थिती मोठ्या नेटक्या भाषेत सांगितली आहे : पती आणि पत्नी ही कायद्याच्या दृष्टीने एकच व्यक्ती. ती एक व्यक्ती दोघांपैकी कोण, हे निराळे सांगावयास नकोच. पत्नीजवळची रोकड, तिने मिळविलेली मजुरी, तिचे बहुतेक सारे जंगम पतीचे होई. जमीन तिची असली तरी उत्पन्न तो घेई. तिला स्वतःच्या नावाने करार करता येत नसे, एकटीला दावा लावता येत नसे, पतीच्या संमतीवाचून इच्छापत्र करता येत नसे. श्रीमंत बाप विश्वस्त नेमून मुलीपुरते काही बाजूला काढून ठेवीत. पण ती सोय धनिकांची. हे चित्र पार्लमेंटच्या कायद्याने पालटू लागले ते १८७० आणि १८८२ साली. आपल्याकडे विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरे’त स्त्रीधनाची व्याख्या विस्तृत केली ती बाराव्या शतकाच्या आसपास, आणि तीही येथून फार दूर नव्हे, चालुक्यांच्या कल्याणीत. यावरून आपल्याकडच्या स्त्रिया सुखात होत्या असे कोणी समजू नये. पोथीतले स्त्रीधन आणि पेटीतले स्त्रीधन यांत अंतर असते, हे आपल्या आज्यांना ठाऊक होते. पण ‘तुमच्या बायका पाहा आणि आमच्या पाहा’ असे एकोणिसाव्या शतकात आपल्याला ऐकविणाऱ्यांच्या घरची स्थिती काय होती, तेही ध्यानात असलेले बरे.

मात्र अविवाहित सज्ञान स्त्री आणि विधवा या कायद्याच्या लेखी ‘व्यक्ती’ होत्या. यातच कादंबरीचे मर्म आहे. इंग्रजी कादंबरीकार पुन्हा पुन्हा लग्नाच्या उंबरठ्यावरची मुलगी का निवडतो? केवळ प्रेमकथेच्या गोडीसाठी नव्हे. तिच्या ‘हो’ला किंवा ‘नाही’ला काही किंमत असण्याचा तोच शेवटचा क्षण आहे. उंबरठा ओलांडला की तिच्या वतीने दुसराच कोणी बोलणार. म्हणून तो क्षण लांबवावयाचा, शेकडो पृष्ठे लांबवावयाचा. लग्न झाले की कादंबरी संपते याचेही कारण हेच. आपण त्याला सुखान्त म्हणतो.

पुरुषांच्या आधी बायकांनी लिहिले, हेही सांगितले पाहिजे. अफ्रा बेन ही लेखणीवर पोट भरणाऱ्या पहिल्या इंग्रज स्त्रियांपैकी एक. नाटके तर तिने लिहिलीच, शिवाय १६८८ साली ‘ओरूनोको’ ही गुलाम केलेल्या राजपुत्राची कथा लिहिली. दुसऱ्या वर्षी ती वारली आणि वेस्टमिन्स्टर ॲबीत तिचे दफन झाले. तिच्यामागून आलेल्या एलायझा हेवुडची १७२५ सालची ‘फँटोमिना’ ही छोटी कथा मोठी गंमतीची आहे. तिच्यातील तरुणी एकाच चंचल पुरुषाला चार वेगवेगळ्या वेषांत भेटते, आणि दर वेळी त्याला वाटते की ही नवीच कोणी आहे. पुरुषाला बाई दिसते, पण ओळखू येत नाही, हा त्यातला चिमटा. शेवटी ती गरोदर राहते, आईला सारे कळते आणि तिची रवानगी फ्रान्समधील मठात होते. वेष चार, सुटकेची वाट एकही नाही. हेवुड पुष्कळ लिहीत असे आणि ते पुष्कळ वाचलेही जात असे. नंतरच्या इतिहासकारांनी तिला दीर्घकाळ अडगळीत टाकले. गेल्या काही दशकांत ती पुन्हा वाचली जाऊ लागली, हे योग्यच झाले.

आता हिशेबाकडे वळू. डॅनिएल डिफोची ‘मॉल फ्लँडर्स’ १७२२ साली निघाली. तिच्यावर डिफोचे नाव नव्हते. एका बाईने स्वतः लिहिलेला हा वृत्तान्त आहे, आम्ही फक्त भाषा सभ्य केली, असे प्रस्तावनेत सांगितले आहे. ही बाई लंडनच्या न्यूगेट तुरुंगात जन्मली. तिच्या आईने कापडाचे तीन तुकडे चोरले होते. फाशीची शिक्षा झाली, पण ती पोटुशी असल्याने शिक्षा लांबली आणि पुढे तिला व्हर्जिनियात हद्दपार केले गेले. मॉल हे तिचे खरे नाव नाही. खरे नाव ती शेवटपर्यंत सांगत नाही.

या कादंबरीतील एक लहानसा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. अनाथ मॉल आठएक वर्षांची आहे. तिला लोकांच्या घरी कामाला पाठवावयाचे ठरते तेव्हा ती रडते आणि म्हणते की मला ‘जंटलवुमन’ व्हावयाचे आहे. मोठी माणसे हसतात. पुढे कळते की या शब्दाचा तिच्या मनातला अर्थ एवढाच : सुईदोऱ्यावर स्वतःचे पोट भरणारी, कोणाच्या घरी न राबणारी बाई. उदाहरण म्हणून ती गावातल्या एका बाईचे नाव घेते, जी लेस दुरुस्त करते आणि लोक जिला ‘मॅडम’ म्हणतात. ती बाई बदनाम असते, हे पोरीला ठाऊक नसते. डिफो येथे काहीही टिप्पणी करीत नाही. स्वतःच्या कमाईवर जगू पाहणाऱ्या मुलीला समाजात दुसरा नमुनाच सापडत नाही, हे त्या हशातून आपल्याला कळते.

पुढे मॉल पाच वेळा लग्न करते, बारा वर्षे चोऱ्या करते, आईप्रमाणेच न्यूगेटला येते आणि आईप्रमाणेच व्हर्जिनियाला जाते. या साऱ्या काळात ती सतत मोजते. या नवऱ्यामागे किती पौंड उरले, चांदीचे काय आले, कापडाचे किती ठाण. काही टीकाकारांना ही हिशेबी वृत्ती खटकली. बाई भावनाशून्य आहे, असे त्यांचे म्हणणे. मला ते पटत नाही. ज्या बाईला लग्नाच्या बाजारात पैशावाचून कोणी विचारीत नाही, आणि लग्न होताच पैसा जिचा राहत नाही, तिने मोजू नये तर काय करावे? एका प्रसंगी तिच्यावर भाळलेला गृहस्थ हिऱ्याच्या अंगठीने खिडकीच्या काचेवर प्रेमाची ओळ कोरतो. ती त्याखाली उत्तर कोरते. असे उत्तर-प्रत्युत्तर चालता चालता ती लिहून टाकते की मी गरीब आहे. खरेच ते. पण त्याला ती विनोदाची ओळ वाटते, आणि तो लग्न करून मोकळा होतो. स्त्रीने लेखी खरे सांगितले तरी पुरुष त्यात लाडिकपणाच वाचतो, ही गोष्ट आपल्याला पुढेही भेटणार आहे. (हा गृहस्थ तिचा सावत्र भाऊ निघतो, हा कथानकाचा पुढचा तडाखा.)

डिफोचीच ‘रोक्साना’ १७२४ची. तिच्यातील नायिका आणखी पुढे जाते. एक सज्जन डच व्यापारी तिला लग्नाची मागणी घालतो, आणि ती त्याला नकार देते. तिचा युक्तिवाद एखाद्या वकिलाला शोभेल असा आहे : अविवाहित आहे तोवर मी माझ्या मालमत्तेची मालकीण, विवाह करार म्हणजे स्वातंत्र्य, संपत्ती आणि अधिकार सारे पुरुषाच्या हवाली करणे. ब्लॅकस्टनच्या आधी चाळीस वर्षे, ब्लॅकस्टनने जे शांतपणे सांगितले तेच ही बाई संतापून सांगते. डिफोला तिचे म्हणणे मान्य होते का? बहुधा नाही. शेवटी त्याने तिला तिच्या टाकलेल्या मुलीच्या रूपाने भूतकाळाच्या तावडीत दिले आहे. पण युक्तिवाद इतका धारदार झाला आहे की त्याला लेखकाची शिक्षा पुरत नाही.

डिफोची स्त्री स्वतःसाठी हिशेब ठेवते. सॅम्युअल रिचर्डसनची स्त्री दुसऱ्यास पत्र लिहिते, आणि तेथे सारेच बदलते, कारण पत्र चोरता येते.

रिचर्डसन हा लंडनमधील छापखानेवाला. तेराएक वर्षांचा असताना ओळखीच्या तरुण मुली त्याला आपली प्रेमपत्रे लिहावयास सांगत. एकीचे दुसरीला कळू न देता तो ती लिहून देई. पन्नाशीत त्याला पत्रलेखनाचा एक नमुनासंग्रह तयार करण्याचे काम मिळाले, आणि ते करता करता ‘पामेला’ सुचली. ती १७४० साली आली. पंधरा वर्षांची मोलकरीण. मालकीण वारते, तिचा तरुण मुलगा मागे लागतो. पामेला गरीब आईबापांना पत्रे लिहिते. पहिलेच पत्र लिहीत असता मालक खोलीत येतो, ती पत्र छातीशी दडविते, आणि तो ते मागून वाचतो. सारी कादंबरी या एका हालचालीत आहे.

पुढे तो तिला लिंकनशरमधील वाड्यात डांबून ठेवतो. तेथे तिची लढाई कशासाठी चालते ते पाहा : शाई, टाक आणि कागद यांसाठी. पहारेकरीण तिचे लेखनसाहित्य मोजून देते. पामेला थोडी शाई येथे, दोन टाक तेथे, असे दडवून ठेवते. लिहिलेले कागद ती कपड्याच्या आत कमरेभोवती शिवून घेते. मालकाला कागद हवे आहेत आणि तो म्हणतो की झडती घेऊन काढीन. देह आणि लेखन येथे एकाच वस्त्रात शिवलेले आहेत; एकाला हात लावल्यावाचून दुसरे हाती येत नाही. अखेर तो कागद वाचतो, आणि वाचता वाचता बदलतो. आजवर जिला वस्तू समजत होता तिला मन आहे, हे त्याला तिच्या अक्षरांवरून कळते.

मग तो तिच्याशी लग्न करतो, आणि येथे मात्र माझी निराशा होते. वाड्यात कोंडलेली पामेला चतुर, तिखट, कधी कधी लबाडही आहे. लग्न झालेली पामेला पतीने घालून दिलेले वर्तनाचे नियम आदराने उतरवून घेते. तीच लेखणी, तोच हात. पण लेखणीतला जीव गेला. त्या काळीही अनेकांना हे ढोंग वाटले. हेन्री फील्डिंगने १७४१ साली ‘शमेला’ लिहून पामेलाला संधिसाधू ठरविले, आणि त्याच वर्षी हेवुडने ‘अँटी-पामेला’ लिहिली. फील्डिंगचा विनोद चांगला आहे, पण त्याने एक गोष्ट पाहिली नाही. मोलकरणीने आपल्या अब्रूची किंमत वाढवून सांगितली म्हणून तो हसतो. धन्याने ती किंमत मुळात शून्य धरली होती, याचे त्याला हसू येत नाही.

येथे क्षणभर मराठीकडे येते. पुरुषाने स्त्रीच्या तोंडून ‘मी’ म्हणावे, हा डिफो-रिचर्डसनचा मार्ग आपल्याकडे हरिभाऊ आपट्यांनी ‘पण लक्षांत कोण घेतो?’मध्ये वापरला. ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः येऊन १८९३ साली ती पुस्तकरूप झाली. यमू स्वतःची कथा स्वतः सांगते, आणि तिच्या बोलण्यात माजघरातले शब्द, बायकांची अर्धी राहिलेली वाक्ये येतात. हरिभाऊंना हे कान कोठून लाभले असतील याचे मला आजही आश्चर्य वाटते. पण त्याआधी १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ स्वतःच्या आवाजात लिहिली होती, आणि तो आवाज यमूच्या आवाजाहून कितीतरी रागीट आहे. पुरुषाने निर्मिलेली स्त्री बहुधा सोसताना अधिक बोलकी असते. रिचर्डसनलाही हे लागू पडते. अपवाद त्याच्याच दुसऱ्या कादंबरीचा.

ती ‘क्लॅरिसा’. १७४७ आणि १७४८ या दोन वर्षांत सात खंडांत प्रसिद्ध झालेली, पाचशेहून अधिक पत्रांची. इतकी लांब कादंबरी आज कोण वाचणार, असे मला विद्यार्थी विचारीत. मी म्हणे, पाऊस लागला की वाचा.

क्लॅरिसा हार्लो एका नवश्रीमंत जमीनदाराची धाकटी मुलगी. आजोबांनी आपली एक इस्टेट तिच्या नावे केली आहे, आणि सारे अनर्थ तेथून सुरू होतात. भाऊ आणि बहीण जळतात. घरात शांतता राहावी म्हणून ती मालमत्तेचा कारभार बापाच्या हाती देते. चांगली मुलगी जे करील तेच तिने केले. आणि जिने मालमत्ता सोडली तिच्याजवळ ‘नाही’ म्हणण्याचे साधन उरत नाही. घरचे तिला सोम्स नावाच्या धनाढ्य, ओंगळ माणसाशी लग्न करावयास भाग पाडू पाहतात, कारण त्यामुळे घराण्याची जमीन वाढते. ती म्हणते, मी दुसऱ्या कोणाशीही लग्न करणार नाही, आजन्म अविवाहित राहीन. पण याच्याशी नाही. एवढी साधी मागणी. तिला खोलीत कोंडतात, लेखनसाहित्य काढून घेतात. या कोंडीतून बाहेर काढण्याचे आमिष दाखवितो लव्हलेस हा देखणा, बुद्धिमान आणि पूर्णपणे बिनभरवशाचा पुरुष. १० एप्रिलला ती त्याच्याबरोबर बागेच्या फाटकातून बाहेर पडते, किंवा पाडली जाते.

लव्हलेसचे शस्त्रही पत्रच आहे. क्लॅरिसाची जिवलग मैत्रीण ॲना हौ. या दोघींचा पत्रव्यवहार हाच क्लॅरिसाचा एकमेव आधार. लव्हलेस ही पत्रे मध्येच अडवितो, वाचतो, आणि ॲनाच्या अक्षराची नक्कल करून खोटी पत्रे लिहितो. दोन स्त्रियांमधला विश्वास हाच त्याला खरा अडथळा वाटतो, हे रिचर्डसनने अचूक हेरले आहे. शेवटी लंडनमधील एका कुंटणखान्यात तिला गुंगीचे औषध देऊन तो तिच्यावर बलात्कार करतो. पानेच्या पाने लिहिणारा हा माणूस त्या रात्रीनंतर मित्राला दोन-तीन ओळींचे पत्र लिहितो. आणि क्लॅरिसा लिहिते ते कागद फाटलेले आहेत, वाक्ये तुटलेली, एका कागदावर ओळी वाकड्यातिकड्या छापलेल्या. अठराव्या शतकातील छापखानेवाल्याने मुद्दाम तशी जुळणी केली. भाषा मोडल्याचे चित्र त्याने खिळ्यांनी काढले.

यानंतर जे होते ते महत्त्वाचे. त्या काळच्या समजुतीप्रमाणे यावर एकच उपाय होता : त्याने तिच्याशी लग्न करणे. लव्हलेस त्याला तयार होतो. त्याचे प्रतिष्ठित नातेवाईक गळ घालतात. ॲनासुद्धा सुरुवातीला लग्न कर म्हणते. क्लॅरिसा नकार देते. न्यायालयात जाण्याचा सल्लाही तिला मिळतो. तोही ती नाकारते, आणि तिची कारणे आजच्या कोणत्याही वकिलास ओळखीची वाटतील : मी याच्याबरोबर घर सोडले, याच्याबरोबर एका छपराखाली राहिले, माझ्यावर कोण विश्वास ठेवील? पण लग्नाला दिलेला नकार हा त्याहून खोल आहे. ती म्हणते त्याचा आशय असा की माझ्या देहाला जे झाले त्यात माझी इच्छा नव्हती, म्हणून माझी इच्छा अद्याप माझी आहे.

इंग्रजीत ‘विल’ या एकाच शब्दाने इच्छा आणि मृत्युपत्र असे दोन अर्थ होतात. मराठीत आपण मृत्युपत्राला इच्छापत्रही म्हणतो, हे आपले भाग्य. रिचर्डसनचे कोडे आपल्या भाषेत आपोआप सुटते. खंगत चाललेली क्लॅरिसा कपडे विकून स्वतःची शवपेटी बनवून घेते आणि तिचाच मेज म्हणून उपयोग करून लिहीत बसते. त्या पेटीवर तिने जी तारीख कोरविली ती मृत्यूची नव्हे, बापाचे घर सुटले त्या दिवसाची, १० एप्रिलची. आणि ती तपशीलवार इच्छापत्र करते : आजोबांची इस्टेट कोणाला, कोणती वस्तू कोणाला, देहाचे काय करावे. अंमलबजावणीचे काम ती घरच्या कोणावरही न सोपविता लव्हलेसच्याच पश्चात्तापदग्ध मित्राला देते. सोम्सशी किंवा लव्हलेसशी तिचे लग्न झाले असते तर पतीच्या परवानगीवाचून हा कागद तिला करताच आला नसता. ज्या मुलीने जिवंतपणी शांततेसाठी मालकी सोडली, तिने मरताना ती कागदावर परत घेतली.

कादंबरी खंडाखंडाने निघत असताना वाचकांनी, विशेषतः वाचक स्त्रियांनी, रिचर्डसनला पत्रे लिहिली की हिला वाचवा, लव्हलेसला सुधारा, दोघांचे लग्न लावा. लेडी ब्रॅडशे ही बाई तर टोपणनावाने त्याच्याशी वाद घालीत होती. त्याने ऐकले नाही. ‘पामेला’त जे केले ते त्याने पुन्हा केले नाही, आणि मला त्याचे हे धैर्य मोठे वाटते. तरीही एक कुरकुर नोंदवावीशी वाटते. स्त्रीचे स्वत्व सिद्ध होण्यासाठी तिने एकोणिसाव्या वर्षी मरावेच का लागते? यमूच्या बाबतीतही मी हाच प्रश्न वर्गात विचारीत असे. पुरुष कादंबरीकाराला स्वतंत्र स्त्री जिवंत ठेवून तिचे पुढे काय करावे, हे ठाऊक नसते.

स्त्रिया लिहू लागल्या की नायिका मरत नाहीत. पण अडचण दुसऱ्या जागी जाते, ती नावाच्या जागी. फॅनी बर्नीने पंधराव्या वर्षी आपली सर्व हस्तलिखिते जाळून टाकली, कारण मुलीने कथा लिहिणे शोभत नाही असे तिच्या मनावर बिंबले होते. त्या राखेत ‘एव्हलिना’च्या आईची कथा होती. मुलीची कथा १७७८ साली लेखिकेच्या नावावाचून प्रसिद्ध झाली. संगीताच्या इतिहासकार वडिलांच्या मजकुराच्या नकला ती करीत असे. आपले अक्षर मुद्रकाच्या ओळखीचे निघेल या भीतीने तिने अक्षर बदलून प्रत तयार केली आणि वेषांतर केलेल्या भावाहाती पाठविली. मोबदला वीस गिनी.

एव्हलिनाच्या बापाने तिच्या आईशी झालेल्या विवाहाचा दाखला जाळला आहे आणि विवाहच नाकारला आहे. म्हणून मुलीला आडनाव नाही. ‘अन्व्हिल’ हे जे नाव तिला दिले आहे ते ‘एव्हलिना’च्याच अक्षरांची उलटापालट आहे. पालकाला पत्र लिहिताना ती सही करावयास येते आणि अडते : कोणते नाव लिहू? शेवटी बाप तिला स्वीकारतो तो कोणत्या कागदामुळे नव्हे, तर तिचा चेहरा हुबेहूब आईसारखा आहे म्हणून, आणि आईने मरण्यापूर्वी लिहून ठेवलेले पत्र ती त्याच्या हाती देते म्हणून. बापाचे नाव मिळते. पण लगेच तिचे लग्न आहे. ते नाव ती सहीत प्रथम लिहिते तेव्हाच तिला ठाऊक असते की बहुधा हे शेवटचेच.

आपल्यातील पुष्कळ जणींना हे परके वाटणार नाही. आपल्या शाळेच्या कचेरीत दर वर्षी कोणी ना कोणी बाई येते आणि जुन्या जनरल रजिस्टरमधली मुलगी मीच, असा दाखला मागते. त्या रजिस्टरात तिचे एक नाव, शिधापत्रिकेवर दुसरे. कधी कधी सासरी पहिले नावही बदललेले. माझीच बी. ए.ची पदवी एका नावाने आणि पीएच. डी.ची दुसऱ्या नावाने आहे, आणि या दोन्ही बाया एकच आहेत हे सिद्ध करणारे प्रतिज्ञापत्र मी अनेक वर्षे पिशवीत बाळगले. एव्हलिना शिकविताना मला टिपणाची गरज पडली नाही.

आता शेवटची. मेरी वुलस्टनक्राफ्टने १७९२ साली स्त्रियांच्या हक्कांचे समर्थन करणारा ग्रंथ लिहिला, हे सर्वज्ञात आहे. तिची ‘मारिया’ ही अपुरी कादंबरी त्या मानाने कमी वाचली जाते. मारियाला तिच्या नवऱ्याने वेड्यांच्या इस्पितळात कोंडले आहे; ती वेडी नाही, तिच्या पैशावर त्याचा डोळा आहे. तान्ही मुलगी तिच्यापासून तोडली आहे. पामेलासारखीच ती कोंडलेली, पण आता कोंडणारा विवाहित पती आहे आणि कायदा त्याच्या बाजूला आहे. त्या कोठडीत मारिया मुलीसाठी आपले आयुष्य लिहून काढते. आणि रिचर्डसनच्या मनातही आले नसते असे एक पात्र येथे आहे : जमायमा, मारियावर पहारा करणारी गरीब बाई. जन्मापासून लाथा खाल्लेली, मोलमजुरी, देहविक्रय, धुणी, सारे केलेली. पामेलाची पहारेकरीण धन्याची हस्तक होती. ही पहारेकरीण आपली कहाणी सांगते, कैदीण ऐकते, आणि दोघी मिळून बाहेर पडतात.

मग खटला उभा राहतो. मारियाच्या प्रियकरावर तिचा नवरा दावा लावतो, जणू त्याची मालमत्ता कोणी पळविली. खटल्यात मारिया पक्षकार नाही. असू शकत नाही. ती एक निवेदन लिहून न्यायालयात वाचावयास देते. या विवाहात माझ्यावर काय गुदरले, मी तो का नाकारते, हे ती कायद्याच्या तोंडावर सांगते. कागद वाचला जातो. न्यायाधीश म्हणतो त्याचा आशय असा, की बायकांच्या भावनांना अशी मोकळीक दिली तर विवाहसंस्था राहील कशी. आणि तो तिचे म्हणणे बाजूला सारतो. काचेवर कोरलेली मॉलची ओळ थट्टा ठरली होती. पामेलाचे कागद एका पुरुषाला पालटवू शकले. मारियाचा कागद न्यायासनापुढे वाचून झाला, आणि तो भावना ठरला.

यापुढे कादंबरी लिहून झाली नाही. १७९७ साली मुलीला जन्म दिल्यानंतर काही दिवसांतच वुलस्टनक्राफ्ट वारली. तीच मुलगी पुढे ‘फ्रँकेन्स्टाइन’ची लेखिका मेरी शेली झाली. पतीने, विल्यम गॉडविनने, १७९८ साली ही अपुरी कादंबरी छापली आणि शेवटाविषयीची लेखिकेची तुटक टिपणेही जशीच्या तशी जोडली. त्यांतली काही दोनचार शब्दांची आहेत. एक मात्र लांब आहे. तिच्यात मारियाने विष घेतले आहे. तेवढ्यात जमायमा दार उघडून आत येते. तिच्याबरोबर मारियाची मुलगी आहे. ती मेली असे आईला सांगितले गेले होते. जमायमाने तिला शोधून काढले आहे, आणि वाटेत एक शब्द शिकविला आहे. मूल तो शब्द उच्चारते. मारिया घेतलेले विष ओकून टाकते आणि म्हणते, मी मुलीसाठी जगेन. टिपण येथे थांबते.